दुसऱ्या फेरीत कामं बदलू नयेत

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार, तोही अंमळ शिळाच. पत्र लिहायचं रोज ठरवायचो. कधी पेन सापडायचं नाही, कधी उत्साह. तुझी कंबर कशी आहे? आणि तुझ्या बंधुराजांचा, म्हणजे आमच्या बाबांचा, राग कुठवर उतरला? (मी कॉलेज सोडलं तेव्हा टाळूपर्यंत होता.)

मी मजेत. एका सायकलवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर राहतो. टायरचा वास येतो, पण खिडकी मोठी आहे. (समोरच्या शिंप्याच्या मांजरावर वेगळं पत्र लिहीन.) भाड्याऐवजी सायकलवाल्याच्या बायकोला, काकूंना, गणित शिकवतो. त्या या वयात परीक्षेला बसल्यात. जेवताना मी बोलून गेलो, "इंटिग्रेशन बाय पार्ट्स? हातचा मळ." (मला ते बाबांनीच शिकवलंय.) तेव्हापासून हात धुवायला फुरसत नाही.

परवाचं गणित: e चा x वा घात गुणिले साइन x, याचं शून्यापासून पायपर्यंत इंटिग्रेशन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. रीत अशी की दोघांतल्या एकाचं डिफरन्शिएशन करायचं, दुसऱ्याचं इंटिग्रेशन. केलं, तर साइनचा नुसता कोसाइन झाला. पुन्हा तीच रीत लावली. पण दर वेळी एकालाच तेच काम देणं बरं दिसेना, म्हणून या खेपेला दोघांची कामं बदलली. झालं, डावीकडचंच उजवीकडे अवतरलं, सगळं कटाकट कटलं आणि उरलं शून्य बरोबर शून्य. मी खाली ऐटीत दोन रेघा मारल्या: उत्तर शून्य.

काकू म्हणाल्या, "अरे मास्तर, आलेख सगळा अक्षाच्या वर, मग खालचं क्षेत्रफळ शून्य कसं?"

मी म्हटलं, "काकू, आधी चहा टाका."

चहा उकळेपर्यंत त्यांनीच सोडवलं, कामं न बदलता. मूळ गणित वजा चिन्ह लावून परत आलंच, पण त्यांनी ते उचलून डावीकडे नेलं, दुप्पट झालं, दोनाने भागलं, संपलं. "फिरून दाराशी आलं तर घाबरायचं कशाला," म्हणाल्या, "घरात घ्यायचं."

तुझा (तूर्त एका जागी असलेला) भाचा

ता.क. खरं काम हे: मी परत आलो तर बाबा घरात घेतील का, हळूच विचार. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं म्हणून विचार.

ता.क. २. विचारू नकोस. बाबा खाली दुकानात आलेत. (पत्ता फक्त तुझ्याकडे होता, आत्या.) काकूंनी "तुमचा मुलगा झकास शिकवतो" म्हणत तेच गणित पुढ्यात ठेवलंय. चष्मा लावून बाकावर बसलेत, मी जिन्यातून बघतोय. दुसऱ्या फेरीत त्यांनीही कामं बदलली. शून्य आलं. खाली ऐटीत दोन रेघा मारल्या. काकू चहा टाकायला उठल्यात, आणि मी खाली चाललोय.