तीन राण्या आणि कोरडी टर्की

१७ ऑक्टोबर, गुरुवार
डाव पुन्हा सुरू. आजपासून सहा गुरुवार. शेवटच्या गुरुवारी माझ्यापुढे जास्त दाणे असले तर थँक्सगिव्हिंगची टर्की माझ्या घरी, नेल्डापुढे असले तर तिच्या घरी. नेल्डा म्हणजे माझी नणंद. मागल्या वर्षी माझा नवरा वेल्डन गेला म्हणून जेवण तिच्याकडे झालं. टर्की इतकी कोरडी की प्रत्येक घास पाण्याने खाली ढकलला. शी! यंदा मुलं-नातवंडं माझ्याकडे. वेल्डनने स्वतः रंधा मारून केलेल्या टेबलाभोवती. चौदा माणसं बसतात. सध्या एका टोकाला मी बसते.

खेळायला चौघं, ह्याच टेबलावर. खेळ पोकरचा: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधली पाच सगळ्यांची, आणि कुणी दाणे लावले की बाकीच्यांनी तितकेच लावायचे नाहीतर पानं टाकायची. मी, नेल्डा, तिचा नवरा हॉइट आणि आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर डुएन. पैसे लावले तर पाप, घेवड्याचे दाणे लावले तर करमणूक, असा निकाल ब्रदर डुएननीच दिलाय. आम्हा दोघींत जी हरेल तिने तेच दाणे शिजवून जेवणाला आणायचे. सहा आठवडे चौघांनी चिवडलेले. हॉइट तर मधेच कुत्र्याला खाजवतो.

माझी शाळा चौथीत सुटली, कापूस वेचायला. पण पत्त्यांवरचे ठिपके मोजायला चौथी पुरते. आणि वेल्डनचा मंत्र आहेच: मासा गळ गिळेपर्यंत दोरी ओढू नये. बावीस वर्षं तो तळ्यावर गेला. मासे बाजारातून आणायचा, ती गोष्ट वेगळी.

ठराव: पानं चांगली आली की गप्प बसायचं. समोरचे गाफील राहतात. मग शेवटी एकदम हिसका!

२४ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळ
किळस आली. पत्त्यांची नाही, माणसांची.

हातात दोन एक्के आले. मला हसू आवरेना, म्हणून खोकले. मधे तीन पानं उघडली, त्यात तिसरा एक्का! बाकीची दोन बदामाची, पण तिकडे बघतंय कोण. मी नुसती टेबलावर टिचकी मारली, म्हणजे काही लावत नाही, चला पुढे. चौथं पान उघडलं, पुन्हा टिचकी. पाचवं पान बदामाचा राजा. आता ओढली दोरी, मूठभर दाणे लावले. नेल्डाने पानं उलटी केली, बदामाची दुरी आणि बदामाची छक्की. मधली तीन धरून पाच बदाम झाले. माझे तीन एक्के चुलीत.

म्हटलं, अगं, दुरी-छक्की घेऊन कुणी शेवटपर्यंत बसतं का? लाज नाही वाटत? तर म्हणते कशी, वहिनी, तुम्ही फुकटात पानं दाखवत होतात, मी कशाला उठू?

संस्कार नाहीत. तिचे केसही ह्या वेळी पार्लरवालीने फार कुरळे करून दिलेत.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
पुन्हा तेच. माझ्या दोन चांगल्या जोड्या होत्या, हॉइट सत्तीवर सत्ती जमवत शेवटच्या पानाला तीन सत्त्या घेऊन बसला. तोंडातून एक शब्द नाही. हॉइट लग्नात सुद्धा मान हलवूनच हो म्हणाला होता.

जाताना ब्रदर डुएन पायरीवर थांबले. म्हणाले, ओलेटाबाई, राग मानू नका. एकच गडी समोर असेल आणि मधली पानं एकमेकांशी फटकून असतील, तर गप्प बसा खुशाल. पण तिघं समोर असताना मधे दोन बदाम दिसले, नाहीतर पानं लागोपाठची दिसली, तर तिथल्या तिथे दाणे लावा. पुढचं पान बघायची किंमत घ्या त्यांच्याकडून. फुकट दिलंत तर ते घेणारच.

धर्मगुरू माणूस आणि शिकवतो काय, तर कशाचीही किंमत घ्या. रविवारी दानपेटीत नेहमीपेक्षा कमी टाकीन.

७ नोव्हेंबर, गुरुवार
बरं, करून बघितलं त्यांच्या मनासारखं. हातात दोन राजे. लगेच दहा दाणे पुढे सरकवले. तिघांनी पटापट पानं टाकली. नेल्डा कॉफी ओतायला गेली, हॉइट कुत्र्याकडे, ब्रदर डुएन बायकोला फोन करायला अंगणात. मला मिळाले चार दाणे. पुढ्यात दोन राजे आणि तीन रिकाम्या खुर्च्या.

बराच वेळ कुणी आलं नाही. स्वयंपाकघरात नवराबायको कशावर तरी हसत होती. मी पुन्हा पुन्हा राजांकडे बघितलं.

ही काय रीत झाली? भरल्या ताटावरून माणसांना उठवायचं! आमच्यात असलं नसतं. ब्रदर डुएनची युक्ती टाकाऊ. सिद्ध झालं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
जिंकले! भरपूर! चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात राहिला होता. दोन राण्या दिसल्या म्हणून रागारागात सगळे दाणे लावले. सगळ्यांनी मुकाट्याने पानं टाकली. नंतर जवळ धरून बघितलं तर एक राणी आणि एक गुलाम. हे मुद्दाम केलं असं मी सांगितलं. आता सांगता सांगता मलाही तसंच आठवतंय.

नेल्डाची आणि माझी बरोबरी. टर्की सांगून ठेवली, अठरा पौंडांची. मुलाला ह्यूस्टनला फोन केला, म्हटलं यंदा आजीकडे. तो म्हणाला, आई, डाव संपलाय का? म्हटलं, संपल्यासारखाच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
लिहू नये असं वाटतंय.

शेवटचा हात. माझ्याकडे दोन राण्या, चष्म्यासकट. मधे राणी, दश्शी, चौकी. तीन राण्या! हॉइट आणि ब्रदर डुएननी आधीच पानं टाकलेली, समोर नेल्डा एकटी. राणी-दश्शी जवळजवळची पानं, ब्रदर डुएनचं बोलणं आठवलं. माझा हात दाण्यांवर गेला. तेवढ्यात नेल्डाने खुर्ची मागे सरकवली आणि शाल सावरली. उठायच्या बेतात.

हात मागे घेतला. टिचकी मारली. ती बसली.

पुढचं पान दुरी. पुन्हा टिचकी. ती म्हणाली, वहिनी, हे टेबल काय गुळगुळीत केलंय हो दादाने. मी म्हटलं, तीन हिवाळे लागले त्याला. छान वाटलं. शेवटचं पान नव्वी. मग मी सगळेच्या सगळे दाणे लोटले.

नेल्डाकडे गुलाम आणि अठ्ठी. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. सरळ रांग.

म्हणाली, वहिनी, पहिल्यांदाच पाच दाणे लावले असतेत ना, तर देवाशपथ मी उठले असते.

म्हटलं, ते मला माहीत होतं.

दोष पानांचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी हॉइट ट्रक घेऊन आला. नेल्डाकडे सहाच माणसांचं टेबल, म्हणून वेल्डनचं न्यायला. दोघा पोरांनी उचललं, तरी दाराच्या चौकटीला घासलंच. त्याच्या मागून मी दाण्यांचं पातेलं मांडीवर घेऊन गेले. तीन पाण्यांतून धुतले होते. कुणी शिवलं नाही. हॉइटने मात्र दोन वाट्या खाल्ल्या, कुत्र्याचं त्याला काय.

मला टोकाला बसवलं, माझ्या नेहमीच्या जागी. बाकी तेरा जागा भरलेल्या.

टेबल सोमवारी परत आणतो म्हणाला हॉइट. कोणत्या सोमवारी, ते मी विचारलं नाही. नेल्डा म्हणाली, पुढच्या गुरुवारी डाव इथेच ठेवू या, वहिनी. टेबल आहेच.

हे ओट्याशी उभी राहून लिहितेय.

टर्की कोरडी होती. दोनदा वाढून घेतली.