काळी कणसं

मंगळवार, ऑक्टोबर १९७४. नागपूर

खाप्याहून आलो, पण जेवण गेलं नाही. पावसात तिथली हायब्रीड ज्वारी बुरशीने काळी पडली. काळी कणसं वेगळी काढा, विषारी असतात, खाऊ नका, असं शेतकी अधिकारी म्हणून मीच शेतकऱ्यांना बजावलं होतं. आज तिथल्या शेतमालक गोविंदरावांनी मोठ्या कौतुकाने पांढरा ढीग दाखवला, घरच्यासाठी. आणि काळी कणसं?

"खुडणाऱ्या बायांले मजुरीत देल्ली, साहेब. वाया काहून घालवाची?"

बांधावर खुडणाऱ्यांतली सुमनबाई ओटीत तीच काळी कणसं घेऊन उभी. "धुतली त चालन ना, साहेब?"

नाही म्हणालो.

"मंग लेकराईले काय देऊ?"

काळी जाळून टाका, एवढं तेव्हाच सांगायला काय झालं होतं मला? आजवर या बायांना काळं-पांढरं मिसळून तरी मिळायचं. निवडायला मीच शिकवलं.