विचारले तेवढेच

कार्तिक शु. १, शके १७८६. अचलपूर.
सासुरवाडीचा पाडवा. थोरला जावई मी. पहिला पाट, पहिले वाढणे माझे, ही रीत लग्नापासूनची. आज सासऱ्यांनी माझ्या साडूला, त्र्यंबकरावाला, हात धरून पहिल्या पाटावर बसवले. मला म्हणाले, "मास्तर काय, घरचेच." सगळे हसले. मीही.
दूर कुठे लढाई चालली आहे, म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा. म्हणून कापूसवाला त्र्यं. पहिल्या पाटावर.
नियम : पंगतीत आपले पान पाहावे, दुसऱ्याचे नाही.
त्याला तूप दोनदा वाढले.

कार्तिक शु. ५. अमरावती.
शाळा सुरू. मुले थोडी, बाकीची कापूस वेचायला. सौ. म्हणाली, "अचलपुराहून आल्यापासून तोंड कावून असं करून राहिले?" डोके दुखते म्हटले. "डोकं नाही दुखत. दुसरंच दुखते."
नियम : मन नको तिकडे गेले की कामाला जुंपावे. कित्ते तपासले. एकाचा सुंदर होता. त्याचाही राग आला.

कार्तिक वद्य ७.
त्र्यं. कापसाच्या गाड्या घेऊन आला. अकोल्याजवळच्या गावाहून इतक्या लांब, इथे भाव बरा म्हणून. उतरला आमच्याकडे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. गल्ली पाहायला जमली. "मास्तर, पोरायले पाटीवर कापूस लिवाले शिकवता, त्याचा काय भाव येते?" सौ. तोंडाला पदर लावून हसली. तिला नागपुरी लुगडे आणले. तिने लगेच नेसले. शोभते.
बरोबर मुलगी, गोदी. उन्हाळ्यात आमच्याकडे राहून अक्षरे शिकली. "मावसाजी, माझं नाव लिवून दाखवू?" चुलीच्या राखेत लिहिले. चूक नाही.
तिला मूर्तिजापूरकडचे स्थळ आले आहे. ते लोक आप्तांत चौकशी करतील. त्र्यं. म्हणाला, "तुमालेच विचारतीन. तुमचा शबुद म्हणजे सोनं."
नियम : बोलणे कमी. विचारले तेवढेच.

मार्गशीर्ष शु. ३.
मुलाचे चुलते आले. म्हातारे, सावध. अशा वेळी आप्ताने न विचारता दहा गोष्टी सांगायच्या. हाताला चव आहे, थोरांची मर्यादा ठेवते, असे काही. जो सांगत नाही त्याने नाही म्हटले असे धरतात. मला माहीत होते.
"पोरगी कशी हाय?"
"बरी आहे."
"घर?"
"पैसा आहे."
ते थांबले. मीही थांबलो. नियम पाळला. दिलेली सुपारी त्यांनी तोंडात टाकली नाही. उठले.
सौ. स्वयंपाकघराच्या दारात. सगळे ऐकलेले.
शाळेत जाताना हलके वाटत होते. लिहिताना नाही.

मार्गशीर्ष शु. ४.
"पोरीनं तुमचं काय घेतलं?"
"खोटे काय बोललो?"
"खोटं बोलले असते त बरं झालं असतं."
लुगडे घडी करून पेटीत तळाशी ठेवले तिने.

मार्गशीर्ष वद्य २.
त्र्यं. पुन्हा आला. या वेळी कापूस नाही, नुसती बसायची गाडी. मूर्तिजापूरचे लोक गप्प झाले. दुसरी मुलगी पाहतात म्हणे. "कोणं तरी कान भरले मास्तर. तुमी चाला संगं. तुमी बोलले का मिटलं." कोणी भरले असतील, हे मला विचारले नाही.
शाळेचे निमित्त सांगणार होतो. सौ. आतून म्हणाली, "येतीन ते."

मार्गशीर्ष वद्य ४. मूर्तिजापूरजवळ.
ओसरीवर मुलाकडची माणसे. मी न विचारता बोललो. गोदीची अक्षरे, सौ. तापात होती तेव्हा पोर उशाशी बसून राहिली, त्र्यं.च्या घरून गडीमाणूस उपाशी जात नाही. सगळे खरे. बोलताना लक्षात आले, हे मला केव्हाचे ठाऊक होते.
चुलत्यांनी ऐकून घेतले. मग, "मास्तर, अमरावतीले तुमी असं नव्हते बोलले. बरी हाय म्हणाले, अन् गप्प बसले."
त्र्यं. माझ्याकडे वळला. नुसता पाहत राहिला. मग मोठ्याने हसला. "मास्तराचं असंच हाय जी. सोताच्या लग्नातबी बायको बरी हाय म्हणे."
ओसरी हसली. चुलते नाही. "कळवतो," म्हणाले.

मार्गशीर्ष वद्य ६. अमरावती.
त्याचे गाव अकोल्याच्या वाटेला. मला सोडायला उलटा आला. वाटभर बैलांशी बोलला. बडनेऱ्याच्या अलीकडे गार वारा सुटला, तेव्हा मागे न पाहता घोंगडी टाकली. "घ्या."
घेतली.
पैशाचा हेवा समजत होता. त्याला नियम करता येत होते. पण त्या ओसरीवर त्र्यं.ने मला झाकले तसे मला त्याला झाकता आले नसते. आता हेही त्याचेच. रागावला असता तर बरे झाले असते, असे सबंध वाट वाटत राहिले.
दाराशी उतरलो. बोलायला तोंड उघडले, तोवर त्याने बैल वळवले होते. सौ. तांब्या घेऊन बाहेर आली. गाडी कोपऱ्यावर.
"भाऊजीनं पानीबी नाही घेतलं?"