डाव्या बाजूची थाप

पांढरकवडा
९ नोव्हेंबर २०२५

चि. ममतास,
दादाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. तुझे कान गेल्यापासून फोन बंद झाला, पण खरं सांगू, माझं बरंच झालं. फोनवर माझ्या तोंडून ‘बरं आहे’च्या पुढे काही निघत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला बोटं जाड पडतात.

तू लिहितेस, सुट्टी काढल्यासारखा ये, समुद्राच्या कडेच्या रस्त्याने फिरू. तुझी जयावहिनी जाऊन वर्ष होत आलं. तिकडे यायचं खूळ तिचंच. समुद्र मले डाव्या खिडकीतूनच पाहाचा हाय, असं म्हणायची. गाडी दारात उभी आहे. राजदीप हैदराबादहून सांगतो, बाबा, ड्रायव्हर ठेवा. उभा जन्म ट्रक चालवला आणि आता ड्रायव्हर ठेवू, म्हणजे हलवायाने बुंदी विकत आणायची!

तो रस्ता फार अरुंद आहे म्हणतात. खरं काय ते कळव, मग ठरवतो. इकडे कापूस वेचणी जोरात आहे, गल्ली दिवसभर रिकामी असते. तब्येतीला जप.

तुझा दादा,
बाबाराव


रत्नागिरी
२१ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
ममताचा सविनय जयभीम. वि. वि.

रस्ता सुंदर आहे आणि तितकाच कठीण. वळणामागे वळण. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली समुद्र, मध्ये जेमतेम एक गाडी. समोरून एसटी आली की एकाने मागे जायचं, रुंद जागा मिळेपर्यंत. इथली माणसं मागे जायला लाजत नाहीत. काळजी मला तुझी आहे. हैदराबाद रोडवर तू कधी कुणाला वाट दिलीस, की आता देशील?

हे गेल्यापासून मीही त्या बाजूला फिरकले नाही. एकटीने समुद्र बघून काय करू? दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर तर दिवस खायला उठतो. तेव्हा गाडी नको वाटत असेल तर बसने ये, पण ये. पुढच्या खोलीत तुझी गादी घालून ठेवली आहे. जवसाची चटणी आण, इथे मिळत नाही.

भावाच्या मायेची भुकेली,
ममता


पांढरकवडा
२ डिसेंबर २०२५

चि. ममतास,
सप्रेम जयभीम.

जमणार नाही, ममता. पुढे जायची भीती नाही, माझं अडतं ते मागे घेताना.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझा क्लीनर काम सोडून पळाला होता, तुला आठवत असेल. मग जया ट्रकमध्ये क्लीनरच्या बाजूला बसली. दारावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. पुढे पोरगा क्लीनर मिळाला, पण आपली कार आली तरी तिची थाप काही सुटली नाही. समोरचं मी बघायचं, डावीकडचं तिने. ते तिचंच खातं होतं, मी त्यात कधी डोकं घातलं नाही.

मागच्या आठवड्यात, ती गेल्यावर पहिल्यांदाच, गाडी बाहेर काढत होतो. थाप पडत नाही तोवर मागे घ्यायचं, इतक्या वर्षांची सवय. मी आपला घेत राहिलो. थाप पडलीच नाही. शेजारच्या फुलचंदचं फाटक वाकलं, आपला डावा दिवा फुटला. फुलचंद धावत आला, काहून बाबारावजी, दिसलं नाही का, विचारत होता. त्याला काय सांगणार? राजदीपला सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

घरात नाही इतकं मला त्या गाडीत एकटं वाटतं. तेव्हा समुद्र राहू दे. रागावू नकोस.

तुझा दादा,
बाबाराव


रत्नागिरी
१२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम.

रागावले आहे. डावीकडे मी बसते की! तू म्हणशील, बहिरी क्लीनर काय कामाची. अरे, डावीकडच्याला दिसावं लागतं, ऐकायचं काम तुझं. माझा हात भक्कम आहे, निम्म्या रत्नागिरीला सुया टोचून कमावलेला. काल खोलीच्या दारावर सराव केला, तर शेजारीण बघायला आली, कोण आलंय म्हणून. तिला सांगितलं, अजून कोणी नाही, पण येणार आहे.

वहिनीची जागा मी घेणार नाही, दादा. फक्त बसेन. इथवर सरळ मोठ्या रस्त्याने ये, दिवसाउजेडी. चटणी विसरू नकोस.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ममता


पांढरकवडा
११ जानेवारी २०२६

चि. ममतास,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. तू दिलेली कोकमं फुलचंदला अर्धी दिली, आता तो फाटकाचं नाव काढत नाही.

त्या वळणावरची एसटी डोळ्यांपुढून हलत नाही. मी मागे घेत होतो, घेत होतो, आणि तू अशी थाप मारलीस की समोरच्या ड्रायव्हरनेही ब्रेक दाबला. उतरून पाहिलं, तर मागचं चाक कडेला टेकलेलं. एसटी गेल्यावर तू दोन थापा दिल्यास आणि तोंड खिडकीकडे फिरवलंस. रडत होतीस, मला दिसलं. तेव्हा काही बोललो असतो तर तुला ऐकू आलं नसतं, म्हणून आता लिहितो. मीही रडत होतो. पण डाव्या खिडकीतून समुद्र खरंच फार मोठा दिसत होता. जयाचं बरोबर होतं.

राजदीपने विचारलं, वळणाचा रस्ता अवघड गेला का. त्याला हो म्हटलं. खरं तर अवघड गेला तो परतीचा समृद्धी महामार्ग. रुंद, सरळ, समोरून कुणी येत नाही, कुणासाठी मागे व्हावं लागत नाही. त्या रस्त्यावर डावीकडे माणूस लागतच नाही. दिवसभर गाडी चालवली आणि एकदाही तिकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मात्र गाडी मागे घेऊन लावायची होती. थाप पडणार नाही, हे या वेळी ठाऊक होतं. थोडी मागे घेतली, उतरलो, डावीकडे जाऊन पाहिलं, पुन्हा बसलो. पुन्हा थोडी घेतली, पुन्हा उतरलो. गल्लीतली पोरं हसत होती. फाटकाला धक्का न लावता गाडी लागली. मग दार लावण्याआधी त्याच्यावर मीच एक थाप मारली.

माया आहे तशी राहू दे, आणि पुन्हा बोलाव.

तुझा दादा,
बाबाराव