बंद स्क्रीनचा अहवाल

दि. ९ मार्च

दादा,

नमस्कार. मोठा आहेस म्हणून नमस्कार आधी, भांडण नंतर. वहिनीलाही नमस्कार, दोघी पोरींना पापा. पत्र छापील बघून नाक मुरडू नकोस, कारण पुढे येईलच.

इकडे ठीक. ग्रंथालयाचे कॉम्प्युटर बदलायचं ठरलं आणि विंडोज, मॅक की लिनक्स, हे शोधायचं काम समितीने माझ्या गळ्यात मारलं. बावीस वर्षं ग्रंथपाल आहे ना, म्हणजे मला सगळंच यायला हवं! दुकानाने तीन मशीन तीन आठवडे वापरायला दिली. मी आठ पानी अहवाल लिहिला. तू याच धंद्यातला, तेव्हा थोडक्यात ऐक.

आपला पुस्तक-नोंदीचा प्रोग्राम विंडोजवर मुकाट्याने चालला. बाकी दोघांवर तो बसेचना, कारण करणाऱ्याने तो विंडोजपुरताच केलाय. मॅक शिकायला मला सगळ्यात कमी वेळ लागला, पण मॅक हवं तर मशीनही त्यांचंच घ्यायचं. आणि लिनक्सने वाचनकक्षातल्या दहा वर्षांच्या म्हाताऱ्या डब्यांना पळायला लावलं. म्हणून नोंदीच्या चार टेबलांवर विंडोज, वाचकांच्या आठ जुन्यांवर लिनक्स. निम्म्याहून जास्त खर्च वाचला. आहे का चूक? काढ की!

अध्यक्षांनी मात्र भलतीच काढली. "बाई, वापरायला सोपं कोणतं यावर तीन पानं लिहिलीत, पण दिसायला कसं आहे यावर एक ओळ नाही. रंग, चित्रं, अक्षरांचा आकार?"

मी म्हटलं, "राहिलं."

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस मशीन तपासायला आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मॅडम, तिन्ही स्क्रीनच्या वायरी अजून खोक्यातच आहेत! तीन आठवडे चालवलंत कसं?"

असं चालवलं, दादा. कानाने. तिन्हींमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. स्क्रीन मला लागलीच नाही, म्हणून लावायची आठवणही झाली नाही. असला मूर्खपणा फक्त तुझी बहीणच करू शकते.

चष्म्याचा नंबर वाढलाय असं तुला दोन वर्षं सांगत होते. खोटं होतं. नजरेच्या मधोमध राखाडी डाग आहे. कडेचं दिसतं. रस्ता, जिना, कपाटं सगळं जमतं. समोरचं अक्षर दिसत नाही, समोरच्याचा चेहराही नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, परत येणार नाही. मी खूप रडले, दादा. तुझ्यापासून लपवलं, कारण तू लगेच गाडी घेऊन आला असतास.

गाडी नाही आली, तुझं पत्र आलं. मला नाही, अध्यक्षांना! माझ्या फाइलीत घरचा पत्ता म्हणून तुझा होता, वायरींच्या प्रकारानंतर त्यांनी माझ्या डोळ्यांचं तुला कळवून काय करायचं ते विचारलं आणि तू लिहून मोकळा झालास. माझ्यासमोर बोलायची त्यांना लाज वाटली असावी, त्यांनी ते जसंच्या तसं टाइप करून मला मेलवर पाठवून दिलं.

"तिच्याने आता होणार नाही. तिला मोकळं करा, खोली तयार आहे."

विंडोजवर ऐकलं. खरं वाटेना म्हणून मॅकवर ऐकलं, मग लिनक्सवर. आवाज तीन वेगळे, पण वाक्यात काही फरक पडला नाही. लहानपणी सायकल शिकवताना तू मागचा हात न सांगता सोडला होतास, मी पडले तरी रागावले नव्हते. या वेळी रागावले आहे. मायेने लिहिलंस, कळतं मला. तरी रागावले आहे.

काल समितीची बैठक झाली. माझ्या डोळ्यांवर अर्धा तास चर्चा, तीही हळू आवाजात, जणू माझे कान गेलेत. शेवटी मी उठले. म्हटलं, "आठ पानांत एक चूक दाखवा, मी आत्ता राजीनामा लिहिते." पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग खजिनदारीणबाई म्हणाल्या, "मला तर स्क्रीन असूनही एवढं जमलं नसतं."

कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरची नावं मला वाचता येत नाहीत, हेही मी तिथेच सांगितलं. ते काम आता सहायिका करेल, तिच्या नोंदी मी करेन. सहा महिने असं करून बघायचं ठरलं. सहा महिन्यांनी पुन्हा बसतील. बसू देत! मीही बसेन.

तेव्हा ती खोली पोरींना अभ्यासाला दे. सुट्टीत मी येईन, चार दिवस भांडेन आणि परत येईन. माझी काळजी खुशाल कर, तो तुझा हक्क आहे. पण माझ्याबद्दल काही लिहायचं असेल तर यापुढे मला लिही. मी वाचते.

तुझी धाकटी,
कामावर असलेली बहीण