सीमांतपूजन

लिक्सलिप,
१३ सप्टेंबर २०२१

प्रिय पद्मजा,

अनेक आशीर्वाद. ज्ञानेशरावांना नमस्कार. आम्ही तिघं ठीक आहोत. दीड दिवसाचा गणपती शनिवारी बादलीत विसर्जित केला. चित्राचे उकडीचे मोदक यंदाही फुटले, पण संपले. फोनवर तू "सगळं ठीक" म्हणतेस, मीही तेच म्हणतो आणि बोलणं संपतं. म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वर्षीच्या राखीची सकाळ माझ्या मनातून जात नाही. डंडॉकच्या पुढे, त्या अरुंद रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ जिथे पांढरी होते, तिथे मी गाडी उभी केली. पिवळी आयर्लंडची, पांढरी तुमच्या ब्रिटनची. ना फाटक, ना शिपाई. तू न्यूरीहून येऊन पलीकडे तबक घेऊन उभी होतीस.

"बाबा, जस्ट स्टेप ओव्हर, इट्स ग्रँड," स्वरांगी म्हणाली.

"भारतीय पासपोर्टला तिकडे व्हिसा लागतो."

"अरे दादा, बघतंय कोण?"

मी नकळत वर आभाळाकडे पाहिलं. तू कपाळावर हात मारलास. "बरं बाबा. व्हिसा पायाला लागतो ना? हात दे इकडे." माझा हात रेघेवरून ओढून तू राखी बांधलीस, ओवाळलंस आणि म्हणालीस, "हे तर सीमांतपूजन झालं! फक्त नवरदेव गावात शिरायला तयार नाही."

तेवढ्यात तो म्हातारा ट्रॅक्टरवाला थांबला, आठवतो? म्हणाला, "माझ्या तरुणपणी इथे बंदुका घेतलेले सोल्जर अडवायचे. तुला कोण अडवतंय?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच वाऱ्याने तुझ्या केस गेलेल्या डोक्यावरचा रुमाल सरकला. तू पटकन सारखा केलास. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटर चिपवरच्या रेघा तपासणाऱ्या माणसाला दुसरीकडे बघणं सुचलं नाही.

तुझं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे जप करत बसलो होतो. व्हिसाची ऑफिसं बंद होती, हे खरंच. पण जपात मन लागेना. माळ हातात आणि नजर फोनवर.

जानेवारीत ब्रेक्झिट पुरं झालं. इथे रोज एकच चर्चा, सीमा पुन्हा येणार का? मग ती आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या समुद्रात गेली म्हणाले आणि तो ट्रॅक्टरवाला सुटला असेल. सगळ्यांसाठी ती शीव मोकळी राहिली, पद्मजा. मला वाटायचं, आपल्यापुरती ती माझ्या खिशात आहे.

आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. मी निघालो तेव्हा अण्णांनी माझा पासपोर्ट देवापुढे ठेवून मग हातात दिला होता. "हा सोडू नकोस," एवढंच म्हणाले. तू सोडलास तेव्हा ते तुला काही बोलले नाहीत, म्हणून मला तो जास्तच जपावासा वाटला. इथलं नागरिकत्व मिळत असूनही वर्षानुवर्षं टाळलं.

यंदा तू रेघेपर्यंतही येऊ शकली नाहीस. राखी पोस्टाने आली. पाकिटावरचं अक्षर ज्ञानेशरावांचं होतं. तुझा हात किती थकलाय, ते मला तेव्हा कळलं.

वसंतात मी वकिलासमोर आयर्लंडशी एकनिष्ठ राहण्याच्या प्रतिज्ञेवर सही केली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात नवा पासपोर्ट आला. शनिवारी गणपतीची उत्तरपूजा केली, तेव्हा जुना पासपोर्टही पाटावर ठेवला. मूर्तीवर अक्षता टाकल्या तशा त्याच्यावरही टाकल्या, आणि मूर्तीसारखाच तो जागेवरून किंचित हलवला. स्वरांगीने विचारलं, "बाबा, आर यू क्राइंग?" म्हटलं, अक्षता डोळ्यात गेल्या.

गुरुवारच्या ऑपरेशनला मी तिथे असेन. कोविडमुळे आत घेणार नाहीत, तर बाहेर गाडीत बसेन. पण पांढऱ्या रेघेच्या आत बसेन. उद्या पहाटे निघतो. हे पत्र तुझ्या हातात मीच देईन.

जुना पासपोर्ट रद्द करून घेण्यासाठी वकिलातीकडे पाठवायचा होता. आज सकाळी स्नान करून तो पोस्टात टाकून आलो.

तुझा,
यंदा हातापायांसकट येणारा,
दादा