हळदीच्या वड्यांचं पीठ

नागपूर

माझ्या आईस, रुचिकाचा वाकून नमस्कार.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र. इथलं ऊन कडक आहे, पण आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात एसी असतो, काळजी करू नकोस. माझ्या लग्नासाठी रजाही मिळाली.

जेवणातून पनीर काढायला काकांना सांग. एप्रिलअखेर आपल्या पडघ्याच्या मांडवात ते दुपारपर्यंत टिकायचं नाही. त्यापेक्षा कोवळ्या फणसाची भाजी, वालाचं बिरडं, पांढरा कांदा आणि आल्यागेल्याला कैरीचं पन्हं. ताडगोळे वज्रेश्वरीहून त्याच सकाळी आणा. आपल्या दारचा आंबा यंदा कसा धरलाय? आणि तू नीट जेवतेस ना?

काल काकीचा फोन आला. हळदीच्या दिवशी तळायच्या वड्यांचं पीठ तीच मळणार म्हणे. बाबा गेले, आता शुभकार्यात आपला हात नको, असं तूच तिला सांगितलंस.

आई, गावातल्या कितीतरी नवऱ्यामुलींनी तुझ्या हातचे वडे खाल्ले, त्यांचे संसार काय वाईट झाले? मी काकीला सांगितलंय, परात आईसमोर ठेव. तू पिठाला हात लावल्याशिवाय मी हळदीला बसणार नाही.

तुझ्यावरच गेलेली, हट्टी
रुचिका